न बोलणाऱ्याची ठेव

ज्याला स्वतःचे म्हणणे मांडता येते त्याच्याशी न्यायाने वागणे फारसे कठीण नाही. तो आपला हक्क स्वतःच मागून घेतो. खरी कसोटी लागते ती ज्याला वाचा नाही त्याच्या बाबतीत. आपल्या देवस्थानाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. देव बोलत नाही. तथापि देवाची जमीन, देवाचे दागिने, देवाच्या पेटीतील रुपया यांना हात लावताना महाजनांच्या मनात एक धाक असतो, आणि तो असावाही. प्रस्तुत लेखाचा विषय देवस्थानाचा नसून वैद्यकशास्त्रातील एका नव्या प्रश्नाचा आहे. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला वारंवार ह्याच धाकाची आठवण झाली, म्हणून आरंभी त्याचा उल्लेख केला.

प्रसंग असा घडला. गेल्या पावसाळ्यात आमच्या यजमानांपैकी एक दांपत्य तीर्थरूप अण्णांकडे आले. लग्नास बारा वर्षे होऊनही त्यांना मूल नव्हते. पुढे एका रुग्णालयात उपचार झाले आणि देवाच्या कृपेने मुलगी झाली. उपचाराच्या वेळी शरीराबाहेर जे भ्रूण तयार केले होते त्यांपैकी तीन गोठवून ठेवलेले होते. आता त्या पतिपत्नींना आणखी मूल नको होते. रुग्णालयाने एक छापील कागद देऊन विचारले होते की, हे भ्रूण शुल्क भरून पुढेही ठेवावयाचे, नष्ट होऊ द्यावयाचे, की संशोधनासाठी द्यावयाचे. "भटजी, ह्यात पाप कशात आहे?" एवढेच त्या बाईंना विचारावयाचे होते. अण्णांनी पोथी उघडली नाही. "बाई, धर्मसिंधूत ह्याचे उत्तर मिळणार नाही, ते विचारानेच शोधावे लागेल," असे ते म्हणाले. त्या निमित्ताने मी जे वाचले व जो विचार केला तो सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे. माझे शिक्षण बारावीपुरतेच आहे. काही उणे राहिल्यास वडीलधाऱ्यांनी पदरात घ्यावे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. स्त्रीबीज व पुरुषबीज यांचा संयोग झाल्यावर एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार अशी वाढ सुरू होते. पाचव्या-सहाव्या दिवशी हा भ्रूण शे-दोनशे पेशींचा एक पोकळ गोळा असतो. टाचणीच्या डोक्याहूनही लहान. त्याच्या बाहेरच्या थरापासून पुढे वार तयार होते, आणि आतल्या बाजूस चिकटलेल्या थोड्याशा पेशींच्या पुंजापासून सर्व देह. ह्या आतल्या पेशींनी कोणते रूप घ्यावयाचे हे अजून ठरलेले नसते. त्यांतून हृदयाची, मेंदूची, त्वचेची, कोणतीही पेशी घडू शकते. त्या काढून योग्य पोषणद्रव्यात ठेवल्या तर वर्षानुवर्षे वाढत राहतात. त्यांनाच भ्रूणीय मूलपेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. मधुमेह, कंपवात, डोळ्याच्या पडद्याचे आजार अशा ज्या व्याधींत शरीरातील विशिष्ट पेशी मरून जातात, तेथे नव्या पेशी घडवून बसवाव्यात ही त्यामागची आशा. परंतु आतला पुंज काढून घेतला की तो भ्रूण तेथेच संपतो. सगळा वाद ह्या एका वाक्यात आहे.

शरीराबाहेर गर्भधारणा करून पहिले मूल जन्मास आले ते इंग्लंडमध्ये जुलै १९७८ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने दुसरे बालक जन्मले. आणि १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांचे सहकारी यांना तेच यश लाभले. ह्या विद्येने असंख्य घरांत पाळणा हलला ह्यात संशय नाही. परंतु तिच्याबरोबर एक नवी अवस्थाही उत्पन्न झाली. एकाच वेळी अनेक भ्रूण तयार करावे लागतात, एक-दोन गर्भाशयात ठेवले जातात, उरलेले द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठविले जातात. ना जन्म, ना मृत्यू, अशी ही मधली स्थिती पूर्वी कधी नव्हती. अमेरिकेत २००२ साली झालेल्या मोजणीत असे सुमारे चार लक्ष भ्रूण आढळले. त्यांतील बहुतेक मातापित्यांनी स्वतःच्या उपयोगासाठी राखले होते; संशोधनासाठी देऊ केलेले शेकडा तीनांहूनही कमी होते.

ह्या उरलेल्या भ्रूणांपासूनच अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जेम्स थॉमसन यांनी १९९८ च्या नोव्हेंबरात मानवी मूलपेशी प्रथम वेगळ्या केल्याचे प्रसिद्ध केले. चौदा भ्रूणांतील आतले पुंज काढले, तेव्हा पाच पेशीवंश हाती आले. हे काम त्यांनी सरकारी पैशाचा स्पर्श नसलेल्या स्वतंत्र प्रयोगशाळेत, खाजगी कंपनीच्या व विद्यापीठाशी संलग्न अशा एका प्रतिष्ठानाच्या पैशावर केले. कारण ज्या संशोधनात मानवी भ्रूण निर्माण वा नष्ट केला जातो त्यास केंद्र सरकारचा पैसा देऊ नये, असे कलम अमेरिकेच्या वार्षिक खर्चविधेयकास १९९६ पासून जोडले जात आले आहे. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. ह्या कलमाने भ्रूण नष्ट करण्यास मनाई केलेली नाही. केवळ त्यासाठी सरकारी पैसा वापरण्यास मनाई केली आहे.

पुढे ९ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीर केले की, त्या दिवसापर्यंत जे पेशीवंश तयार झाले असतील त्यांच्यावरील संशोधनास सरकारी पैसा मिळेल. त्यानंतर तयार होणाऱ्यांवर नाही. जो भ्रूण नष्ट झाला तो झाला, परंतु सरकारी पैशाच्या आशेने नवा कोणी नष्ट करू नये, हा त्यामागचा हेतू. त्या महिन्यात प्रसिद्ध झालेल्या यादीत चौसष्ट पेशीवंश होते. आणि आपणास नवल वाटेल, त्यांतील दहा भारतातील होते. सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे व तीन बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे. म्हणजे हा वाद सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देण्याजोगा प्रथमपासूनच नव्हता. प्रत्यक्षात संशोधकांच्या हाती त्या यादीतील सुमारे वीसच पेशीवंश पोहोचले. अमेरिकी संसदेने नियम सैल करणारे विधेयक संमत केले, ते बुश यांनी २००६ व २००७ साली दोनदा नाकारले. दरम्यान २००४ साली कॅलिफोर्निया राज्यातील मतदारांनी कर्ज उभारून तीनशे कोटी डॉलर ह्या कामास देण्याचे ठरविले. मार्च २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी बुश यांचे बंधन उठविले. त्यानंतरच्या नियमांत अट घातली गेली ती अशी की, भ्रूण मूल व्हावे ह्याच हेतूने तयार केलेला व आता नको असलेला असावा, दात्यांची लेखी संमती असावी, आणि मोबदला दिलेला नसावा. त्यावर न्यायालयात दाद मागितली गेली, २०१० साली काही दिवस पैसा थांबलाही. अखेर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्याचे नाकारले.

हा इतिहास वाचताना मनात येते की, एवढी मोठी राष्ट्रे तारखांवर का झगडली? जर्मनीनेही असेच केले. स्वदेशात भ्रूण नष्ट करण्यास बंदी, परंतु परदेशात २००२ पूर्वी तयार झालेले पेशीवंश आणण्यास मुभा. पुढे २००८ साली ती तारीख पुढे सरकविली. ज्या कृत्यास आपण निंद्य मानतो, ते दुसऱ्याने आधीच केलेले असल्यास त्याचे फळ घ्यावे काय, हा तो पेच. माझ्या अल्पमतीप्रमाणे तारखेने नीती ठरत नाही. कृत्य पाप असेल तर त्याचे फळ कालचे असो वा आजचे, सारखेच. आणि पाप नसेल तर आजच्या कृत्यास भ्यावयाचे कारण नाही. म्हणून मूळ प्रश्नाकडेच वळले पाहिजे: हा पाच दिवसांचा भ्रूण कोण आहे?

ह्या बाबतीत आपल्या ग्रंथांत एकवाक्यता नाही, हे प्रथम प्रांजळपणे सांगितले पाहिजे. चरकाचार्य म्हणतात की, शुक्र, शोणित व जीव यांचा कुक्षीत संयोग होतो तेव्हा गर्भ ही संज्ञा प्राप्त होते. म्हणजे जीव आरंभापासूनच आहे. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त होते व त्याबरोबर चेतना प्रकट होते. आईच्या देहात दोन हृदये, म्हणून ती दौहृदिनी, आणि त्यावरूनच आपले डोहाळे. गर्भोपनिषदात सातव्या महिन्यात जीवाचा संयोग सांगितला आहे. भ्रूणहत्या हे महापातक आहे ह्याविषयी धर्मशास्त्रात दुमत नाही. परंतु गर्भाशयाबाहेर, काचेच्या नळीत जन्मलेल्या पाच दिवसांच्या भ्रूणाचा विचार त्या ऋषींपुढे नव्हता. काही विद्वान गांधारीच्या मांसपिंडाचे शंभर तुकडे तुपाच्या कुंभांत ठेवल्याची कथा पुढे करून, ही विद्या आपणांस पूर्वीच अवगत होती असे सांगतात. मला वाटते, अशाने शास्त्राचाही मान राहत नाही व पुराणाचाही. पुराणाकडून प्रयोगशाळेची कृती मागू नये. वागावे कसे एवढेच विचारावे.

तथापि एका ठिकाणी आपल्या आचारात ह्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे असे मला वाटते, आणि ते म्हणजे सुवेर-सुतक. पौरोहित्याच्या घरात वाढल्यामुळे ह्या विषयाचे प्रश्न लहानपणापासून कानी पडले. काशीनाथशास्त्री उपाध्ये यांच्या धर्मसिंधूत गर्भनाशाचे नियम पायरीपायरीने दिले आहेत. पहिल्या चार महिन्यांत जे घडते त्यास गर्भस्राव म्हणावे. आईला तीन-चार रात्रींचे आशौच, पित्याला व भाऊबंदांना केवळ स्नान. पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भपात. आईला महिन्यांइतके दिवस, पित्याला व सपिंडांना तीन दिवस. सातव्यापासून पूर्ण प्रसूतीचा विचार. पुढे दात न आलेले मूल, मुंज न झालेला मुलगा, मोठा मनुष्य, अशा निरनिराळ्या पायऱ्या आहेत. ह्या नियमांत दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, सर्व पायऱ्या सारख्या नाहीत. शास्त्राने गर्भस्रावास मोठ्या माणसाच्या मृत्यूइतके दहा दिवसांचे सुतक सांगितलेले नाही. दुसरी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची, ही की, कोणतीही पायरी शून्य नाही. अगदी प्रारंभीच्या गर्भाच्या नाशासही पित्याने निदान स्नान केलेच पाहिजे. काहीतरी गेले आहे, हे कबूल केल्यावाचून त्याला पुढच्या कामास लागता येत नाही.

ह्या एका स्नानात मला दोन्ही टोकांच्या मतांचे उत्तर दिसते. एक पक्ष म्हणतो की, संयोगाच्या क्षणापासून पूर्ण मनुष्य आहे; रोमच्या चर्चने १९८७ साली दिलेल्या उपदेशात मानवी जीवाचा आदर त्या क्षणापासूनच करावा असे स्पष्ट सांगितले आहे, आणि आपल्या शेजारचे अनेक ख्रिस्ती बांधव ते मनःपूर्वक मानतात. दुसरा पक्ष म्हणतो की, हा केवळ पेशींचा गोळा. नखे-केस कापतो तसे समजावे. परंतु नखे कापल्यावर शोक करणारी आई कोणी पाहिली आहे काय? ती बाई अण्णांपुढे बसली होती तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. तिला ठाऊक होते की, मांडीवर खेळणारी मुलगीही काही काळापूर्वी त्याच काचेत, त्याच चार-पाच भावंडांतील एक होती.

आता प्रश्न दानाचा. संशोधनास भ्रूण देणे ह्यास इंग्रजीतही दानच म्हणतात. आणि कोणी लगेच दधीचीचे उदाहरण देतो. पण दधीचीने स्वतःची हाडे दिली, शिबीने स्वतःचे मांस तोडले. भ्रूणाने काही दिलेले नाही. त्याच्या वतीने दुसरे देत आहेत. येथे कठोपनिषदातील कथा अधिक लागू पडते. वाजश्रवसाने सर्वस्वदानाच्या यज्ञात ज्यांचे दूध आटले आहे, ज्यांच्यात पाणी पिण्याचेही त्राण उरलेले नाही अशा गाई दिल्या. आपल्यास ज्याचा उपयोग नाही ते देऊन पुण्य मिळवावयाचे, हे पाहून लहान नचिकेता अस्वस्थ झाला आणि मला कोणाला देणार असे त्याने बापास पुन्हा पुन्हा विचारले. गोठविलेला भ्रूण हे विचारू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने आपणच स्वतःस विचारले पाहिजे. नाहीतरी टाकूनच द्यावयाचे आहे, मग उपयोगी का पडू नये, हा युक्तिवाद ऐकावयास सरळ वाटतो. पण तो एकटा पुरेसा नाही. फाशीची शिक्षा झालेला कैदी मरणारच आहे म्हणून त्याच्यावर आधीच प्रयोग करावेत असे आपण म्हणत नाही.

मीमांसकांनी दानाविषयी एक मोठा सिद्धांत सांगितला आहे. विश्वजित यज्ञात सर्वस्व द्यावे असे विधान आहे. मग यजमानाने आईबापही द्यावेत काय? जैमिनींचा निर्णय असा की, नाही. कारण ज्यावर आपले स्वामित्व आहे तेच देता येते. संबंध निराळा, स्वामित्व निराळे. मातापिता हे भ्रूणाचे मालक नव्हेत. मग त्यांचा त्याच्याशी काय संबंध? मला वाटते, ठेवीचा. देवस्थानची समिती देवाच्या संपत्तीची मालक नसते. पण म्हणून निर्णय घेण्याचे तिला टाळता येत नाही. आपल्या न्यायालयांनीही हिंदू देवतेस कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले आहे, परंतु अज्ञान बालकाप्रमाणे तिचा कारभार दुसऱ्याने पाहावयाचा. न बोलणाऱ्याची ठेव सांभाळणे म्हणजे काय, हे महाजन व कुळावी यांना ठाऊक आहे. ठेव विकता येत नाही. ठेवीवर नफा करता येत नाही. स्वतःच्या सोयीसाठी ती मोडता येत नाही. आणि जे केले त्याचा हिशेब द्यावा लागतो.

येथे एक कठीण आक्षेप येतो व तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पालकाने पाल्याचा कारभार पाहावा हे खरे, पण दुसऱ्याच्या हितासाठी पाल्याचा जीव घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? भ्रूण हा पूर्ण मनुष्यच आहे असे जो मानतो त्याच्यापुढे माझ्याजवळ ह्या आक्षेपाचे उत्तर नाही, आणि त्याने विरोध करावा हेच योग्य. मी वर सांगितलेल्या पायऱ्यांवर विसंबून आहे. ज्या भ्रूणास अद्याप हृदय नाही, मज्जातंतू नाही, वेदना नाही, आणि ज्याला आता कोणतेही गर्भाशय मिळणार नाही, त्याच्यापुढे जगण्याची वाट राहिलेली नाही. प्रश्न एवढाच उरतो की, त्याचा शेवट कशा रीतीने व्हावा. तो कोपऱ्यात विरघळून जावा, की एखाद्या आजाऱ्याच्या उपयोगी पडावा, ह्यांपैकी दुसरे निवडणे मला पाप वाटत नाही. परंतु ह्याच कारणाने काही गोष्टी वर्ज्य ठरतात. केवळ तोडण्यासाठी भ्रूण निर्माण करणे वर्ज्य. कारण तेथे ठेव आपल्याकडे आलेली नाही, आपणच ती मोडण्यासाठी घडविली. पैसे देऊन घेणे वर्ज्य. आणि वाढीची मर्यादा ओलांडणे वर्ज्य. इंग्लंडमध्ये वॉर्नॉक समितीने १९८४ साली चौदा दिवसांची मर्यादा सुचविली व १९९० च्या कायद्याने ती आली. आपल्याकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हीच मर्यादा आहे.

आता पैशाचा प्रश्न. सरकारी खजिना हीही एक ठेवच आहे, आणि तीत ह्या संशोधनास पाप मानणाऱ्याचाही रुपया असतो. त्याने म्हणावे की, माझ्या पैशाने हे करू नका, तर त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. तथापि प्रत्येकाने आपला रुपया वेगळा काढून घ्यावयाचे ठरविले तर राज्य चालणार नाही. देवस्थानच्या खर्चाविषयी सर्व कुळाव्यांचे एकमत कधी असते? समिती कोणाची वर्गणी परत करीत नाही. पण सर्वसाधारण सभेत उभे राहून उत्तर द्यावे लागते. सरकारी पैशाचे मोल मला येथेच दिसते. अमेरिकेने पैसा रोखला म्हणून भ्रूणांचा नाश थांबला नाही. तो खाजगी दारामागे गेला, मूलपेशींवरचे एकस्वाचे हक्क विस्कॉन्सिनच्या त्या प्रतिष्ठानाकडे राहिले, आणि सरकारी नियम मात्र सरकारी पैसा जेथे पोहोचतो तेथपर्यंतच पोहोचले. ज्याने पैसा दिला नाही त्याने हात स्वच्छ ठेवले असतील; पण विचारण्याचा अधिकारही सोडून दिला.

उलट, सरकारी पैसा मिळाला की सर्व काही शुद्ध होते असेही नाही. दक्षिण कोरियात हुआंग वू-सुक नावाच्या शास्त्रज्ञास सरकारने भरपूर पैसा दिला, त्याला राष्ट्रवीर मानले. २००४ व २००५ साली प्रसिद्ध झालेले त्याचे शोध खोटे निघाले व जानेवारी २००६ मध्ये ते मागे घेतले गेले. त्याहून वाईट म्हणजे, स्त्रीबीजे मिळविताना काहींना पैसे दिले होते आणि त्याच्याच हाताखाली काम करणाऱ्या तरुण स्त्रियांकडूनही ती घेतली होती. जी स्त्री वरिष्ठाला नाही म्हणू शकत नाही तिच्या संमतीस संमती म्हणावयाचे काय? दानात संकल्प आधी लागतो, आणि संकल्प मोकळ्या मनाचा लागतो. म्हणून पैशापेक्षाही हिशेब घेणारे डोळे अधिक महत्त्वाचे.

विरोध करणाऱ्यांचा एक मोठा उपकार मान्य केला पाहिजे. त्यांच्या टोचणीमुळेच दुसरा मार्ग शोधण्याची निकड वाढली. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या व २००७ साली माणसाच्या त्वचेतील पेशींना मागे फिरवून मूलपेशींसारख्या करून दाखविले. २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मित्राच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकातून भ्रूण पाहताना त्यांना स्वतःच्या मुलींची आठवण झाली, असे त्यांनीच सांगितले आहे. पाहिले ते सर्वांनीच, पण त्यांच्या मनात काही हलले आणि त्यातून वाट निघाली. तथापि ही नवी वाट भ्रूणीय मूलपेशींच्या अभ्यासातूनच सापडली, हेही तितकेच खरे. आज दोन्ही मार्ग शेजारी शेजारी चालले आहेत. २०२५ साली कंपवाताच्या रुग्णांवरील दोन लहान प्रयोग एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एकात भ्रूणीय पेशी बारा जणांना, दुसऱ्यात क्योटोमध्ये यामानाकांच्या पद्धतीच्या पेशी सात जणांना दिल्या होत्या. त्याच वर्षी मधुमेहाच्या एका प्रयोगात भ्रूणीय मूलपेशींपासून घडविलेल्या पेशी पूर्ण मात्रेत मिळालेल्या बारांपैकी दहा जणांना वर्षानंतर इन्सुलिन घ्यावे लागत नव्हते. संख्या लहान आहे, आणि नव्या पेशी टिकाव्यात म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. तरी ज्याच्या घरात असे मूल आहे त्याला ह्या दहाचा अर्थ कळेल. जेथे दुसऱ्या मार्गाने काम भागते तेथे भ्रूणास हात लावू नये, आणि जेथे भागत नाही तेथेच लावावा, हा नियम मला दोन्ही पक्षांस मान्य होण्याजोगा वाटतो.

आपल्या देशाविषयी थोडे सांगून पुरे करतो. २०२१ च्या साहाय्यित जननतंत्रज्ञान नियमन कायद्याप्रमाणे भ्रूण दहा वर्षांपर्यंत साठविता येतो. नंतर तो नष्ट होऊ द्यावयाचा, किंवा दांपत्याच्या संमतीने नोंदणी झालेल्या संशोधनसंस्थेस द्यावयाचा. भ्रूणाची विक्री हा गुन्हा आहे. २०१७ च्या तत्त्वांप्रमाणे, रक्ताच्या काही रोगांतील मान्य उपचार सोडल्यास, मूलपेशींनी उपचार करणे हा प्रयोग समजावयाचा व त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नाहीत. असे असूनही मूलपेशींच्या नावाने लाखो रुपये मागणाऱ्या जाहिराती दिसतात. आजाऱ्याच्या आशेवर दुकान मांडणे हे भ्रूण तोडण्याहून लहान पाप आहे असे मला वाटत नाही. यजमानांपैकी कोणी अशा उपचारास निघाले तर त्यांना एवढे विचारावयास सांगावे की, हा मंजूर प्रयोग आहे काय, आणि असेल तर पैसे कशाचे?

असो. ते दांपत्य पुन्हा आले तेव्हा अण्णांनी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. कोणाच्या सांगण्यावरून सही करू नका. देणार असाल तर कोठे व कशासाठी हे विचारून घ्या, आणि एक पैसाही घेऊ नका. आणि भ्रूण नष्ट होऊ द्या वा संशोधनास द्या, ज्या दिवशी सही कराल त्या दिवशी दोघांनी स्नान करून देवापुढे दिवा लावा. "ह्यास शास्त्राधार काय?" असे मी मागाहून विचारले. अण्णा म्हणाले, "पित्याला स्नान सांगितलेच आहे. काही गेले आहे हे विसरू नये, एवढाच त्याचा अर्थ." त्या पतिपत्नींनी काय ठरविले हे येथे लिहिण्याचे कारण नाही, ठेव त्यांच्याकडे होती आणि हिशेबही त्यांनाच द्यावयाचा आहे.